एक दुबार नोंद वगळली

माणसाच्या आयुष्यात एखादी खिडकी अशी उघडते, की त्यानंतर तो माणूस पूर्वीचा राहत नाही. माझ्या आयुष्यात ती एका रविवारी दुपारी उघडली. राखाडी रंगाची होती, पोस्टकार्डाएवढी, आणि तिच्यात काहीही नव्हतं. ती बंद कशी करायची हे पुस्तकात पुढच्या प्रकरणात होतं, म्हणून मी संगणकाची वायर उपटली.

पुस्तक इंग्रजी, नऊशे पानांचं, औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेलं. संगणकाच्या पडद्यावर ज्या खिडक्या, बटणं, रकाने दिसतात ते आपल्याला कसे तयार करता येतील, हे त्यात सांगितलेलं होतं. आधीच्या मालकाने पेन्सिलीने ओळीखाली ओळी मारल्या होत्या. पहिल्या पानापासून चाळीसाव्या पानापर्यंत तो माणूस माझ्यासोबत होता. त्यानंतर पुस्तक कोरं. शेवटच्या पानाला एक कागदी खिसा होता आणि त्यात असायला हवी ती सीडी नव्हती. सगळ्या स्वाध्यायांची उत्तरं त्या सीडीत आहेत, असं पुस्तकात दर प्रकरणाच्या शेवटी आठवणीने लिहिलेलं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, जिथे पाऊस पडतो तो बहुधा दुसऱ्यांच्या गावात, अशा ठिकाणी. तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. या वयात लोक जमिनीचे व्यवहार करतात किंवा भजनाला लागतात. मला बटणाचा नाद लागला, त्याचं मूळ युसूफ वडगावला. तिकडे नोकरीला असताना बाजाराच्या दिवशी मी एका झेरॉक्सवाल्याकडे बसायचो. तो लोकांचे अर्ज संगणकावर भरून द्यायचा. अर्ज भरून झाला की तो पडद्यावरचं एक बटण दाबायचा आणि म्हणायचा, "गेला." कुठे गेला, हे विचारलं तर म्हणायचा, "वर." अर्जदार समाधानाने घरी जायचा. त्या बटणाच्या मागे काय असतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. आता वाटतं, जाणून घेतलं नसतं तरी चाललं असतं.

पुस्तकावरून प्रोग्रामिंग शिकणं म्हणजे पत्रावरून पोहायला शिकणं. लेखकाला सगळंच सोपं वाटत होतं. "आता फक्त एवढंच करा" असं लिहून तो दोन पानं मजकूर द्यायचा. मी एकेक अक्षर, एकेक स्वल्पविराम बघून टाइप करायचो. चालवायला गेलं की लाल अक्षरांत काहीतरी यायचं. ते पुस्तकात नसायचं, कारण लेखकाकडून चूक झालेलीच नव्हती. विचारायला कुणी नव्हतं. फोनवर शोधलं की दहा वर्षांपूर्वी कुणीतरी हीच अडचण विचारलेली सापडायची आणि खाली त्यानेच लिहिलेलं असायचं, की जमलं, धन्यवाद. कसं जमलं हे त्याने लिहिलेलं नसायचं.

पुस्तकातला पहिला मोठा प्रोग्राम फॅरनहाइटचं सेल्सिअस करणारा होता. एका रकान्यात आकडा टाका, बटण दाबा, दुसऱ्या रकान्यात उत्तर. तो मी एप्रिलमध्ये पूर्ण केला. आमच्याकडे एप्रिलमध्ये किती ऊन आहे हे कुठल्याही मापात सांगायची गरज पडत नाही. तरी मी दिवसभर आकडे टाकून बटण दाबत बसलो. बायको दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "पंखा तरी लावा. त्यो बी बटनावरच हाय."

दुसरं प्रकरण मात्र मला मनापासून पटलं. त्यात लिहिलं होतं, की असा प्रोग्राम आपणहून काही करत नाही. तो सुरू होतो आणि बसून राहतो. कुणी येऊन बटण दाबलं तरच हलतो, सांगितलं तेवढंच करतो आणि पुन्हा बसून राहतो. ही कल्पना समजायला कठीण जाते, असं लेखक म्हणत होता. त्याने आयुष्यात कधी सरकारी कचेरीत काम काढलेलं नसावं. मला ती एका वाचनात समजली.

बाकीचं इतकं सहज गेलं नाही. बटणं खिडकीत कुठे ठेवायची याच्या दोन पद्धती होत्या. एकीत ती एकाखाली एक रचायची, दुसरीत चौकटी आखून बसवायची. मी अर्ध्या बटणांना एक आणि अर्ध्यांना दुसरी लावली. प्रोग्राम सुरू झाला आणि थिजला. लाल अक्षरं नाहीत, काही नाही. एकच बांध दोन भावांनी आपापल्या बाजूने मोजत राहावा तसं आतल्या आत चाललेलं असणार. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी पन्नास पानं पुढे एका चौकटीत बारीक टाइपात सापडलं, की या दोन पद्धती चुकूनही एकत्र वापरू नका. मग मराठी. मराठी लिहिलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहायची. 'शिक्षक' शब्द मी महिनाभर असा बघितला, की त्या पेशाबद्दलच शंका यावी.

शाळेत एकदा मी सहकाऱ्याला माझा प्रोग्राम दाखवला. नाव लिहायचं, बटण दाबायचं, नाव खालच्या यादीत जाऊन बसायचं.

"हे काय करतंय?" तो म्हणाला.

"तुम्ही लिहिलेलं नाव यादीत घेतं."

"पण नाव तर मीच लिहिलं की."

"हो."

"मग यानं काय केलं?"

मी प्रोग्राम बंद केला.

हे मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं तेव्हा मात्र त्यांना त्यात भविष्य दिसलं. मुख्याध्यापक एकादशीला नारायणगडाला जात आणि परत येताना त्यांना उपक्रम सुचत. वृक्षदिंडी, स्वच्छता शपथ, शालेय घोषवाक्याचा फलक, हे सगळं त्या रस्त्यावर सुचलेलं. या वेळी त्यांना सुचलं, की हंगामी वसतिगृहाची यादी संगणकावर करायची. नुसती टाइप करून नाही, प्रोग्रामने करायची, आणि तिचं लोकार्पण करायचं.

हंगामी वसतिगृह म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. शिरूर कासारकडेही तेच, इकडेही तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम ट्रॅक्टर घेऊन येतो, संसार ट्रॉलीत चढतो आणि गाव उन्हाळ्यापर्यंत म्हाताऱ्यांचं होतं. आईबापांबरोबर लेकरं जाऊ नयेत म्हणून शाळेतच त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करतात. ती सोय यादीतल्या लेकरांसाठी. यादी दसऱ्याआधी तालुक्याला जाते. यादीत नाव नसेल तर मूल ट्रॉलीत. मुलगा असेल तर कधीकधी वर्ष वाया जाऊन परत येतो. तेरा वर्षांची पोरगी मात्र एकदा फडावरच्या झोपडीत, कोपीवर गेली, तिथला स्वयंपाक आणि धाकटं भावंड तिच्या गळ्यात पडलं, की ती पुन्हा शाळेत येते ती त्या भावंडाचं नाव घालायला.

त्या वर्षी बोगस नावांची सगळीकडेच ओरड होती. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुमच्या प्रोग्रामला दुबार नाव पकडता येतं का?"

मी म्हणालो, येतं. तेव्हा येत नव्हतं, पण तोवर मी त्याच ढिगातून आणखी दोन पुस्तकं आणली होती, आणि ते तिसऱ्या पुस्तकात होतं.

तिसऱ्या पुस्तकाच्या लेखकाने लिहिलं होतं, की पूर्ण नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळणाऱ्या दोन वेगळ्या व्यक्ती प्रत्यक्षात जवळजवळ सापडतच नाहीत; तेव्हा हे दोन्ही जुळलं, की दुसरी नोंद बिनधास्त काढून टाका. लेखक कुठल्या देशातला होता कुणास ठाऊक. तिथे मूल जन्मलं की लगेच घड्याळ बघत असावेत. आमच्याकडे जी लेकरं फडात किंवा वाटेत जन्मतात त्यांची आई सांगते, "थंडी लई होती." किंवा, "कारखाना बंद व्हायला आलता." मग पहिलीत नाव घालताना गुरुजी विचार करतात, की जूनमध्ये शाळा उघडते, पोराला सहा पूर्ण झालेली असावीत, आणि लिहितात, एक जून. माझ्या शाळेतल्या रजिस्टरमध्ये पानंच्या पानं एक जूनची आहेत. त्यातली निम्मी माझ्या अक्षरात आहेत. मी स्वतः एक जूनचा आहे. आमच्या पाच शिक्षकांपैकी चार एक जूनचे आहेत, आणि पाचव्याचे वडील तलाठी होते.

हे सगळं ठाऊक असताना मी पुस्तकातला तो परिच्छेद वाचला, मान हलवली आणि टाइप केला. छापलेलं खरं असतं, अशी आमच्या पिढीची समजूत आहे. चाचणीसाठी मी झाडांची नावं वापरली. बाभळ, लिंब, बोर, चिंच. जन्मतारखा त्यांना वेगवेगळ्या दिल्या. चिंच दोनदा टाकली, तर प्रोग्रामने एक चिंच बरोबर काढली. मला आनंद झाला.

मग रजिस्टर समोर ठेवून बेचाळीस नावं मीच टाइप केली. दोन दिवस लागले. तपासणीचं बटण मात्र दाबायचं नाही, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. ते साहेबांच्या हस्ते दाबायचं होतं.

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. ते दोन तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर आले. संगणकाला झेंडूचा हार घातलेला होता. पडद्यावर आडवी लाल फीत होती, ती कापल्याशिवाय काही दिसत नव्हतं. नारळ कुठे फोडावा यावर थोडी चर्चा झाली. पाणी आत जाईल म्हणून मी हात आडवा धरून उभा राहिलो, तर फोटोत ते नमस्कार केल्यासारखं आलं. साहेबांनी फीत कापली आणि माऊस हातात घेऊन म्हणाले, "कुठं दाबू?"

मी दाखवलं. त्यांनी दाबलं. खिडकीच्या मधोमध छोटी खिडकी आली: एकूण नोंदी बेचाळीस. एक दुबार नोंद वगळली. अंतिम यादी एकेचाळीस.

मग मुख्याध्यापकांनी माइक घेतला. "बघा मंडळी. संगणकानं आपल्या डोळ्यांदेखत एक बोगस नाव पकडलं." टाळ्या वाजल्या. साहेबांचं भाषण पारदर्शकतेवर झालं. ते शौचालयावर होणार होतं, पण त्यांनी जागच्या जागी बदललं, हे मान्य करायला हवं. मला शाल मिळाली. मी खोटं लिहीत नाही, मला बरं वाटलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा प्रोग्रामने मी सांगितलेलं काम मी सांगितलं तसं केलं होतं, आणि तेही लोकांसमोर.

यादी त्याच दिवशी सह्या-शिक्क्यांनिशी तालुक्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी भिंतीवर लावलेली प्रत बघत उभ्या होत्या. त्यांना अक्षरं सावकाश वाचता येतात, आकडे लगेच.

"गुरुजी, एकेचाळीसच कावून? मी तर बेचाळीस लेकरं धरलीत."

"एक दुबार होतं मावशी. काढलं."

"कोन दुबार?"

मी सातवीतल्या एका मुलीचं नाव वाचून दाखवलं. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"या नावाच्या दोघी हायत. एक वरल्या वस्तीची, एक खालच्या." मग म्हणाल्या, "तुमीच शिकिवता की त्यांला."

खरं होतं. दोघी माझ्याच वर्गात, एकाच बाकावर. नाव एक. बापांची नावंही एकच, कारण दोघांची नावं एकाच आजोबांवरून ठेवलेली. आडनाव तर अख्ख्या गावाचं एक. जन्म एक जून, माझ्याच अक्षरात. हजेरी घेताना मी "वरली" म्हणतो, "खालची" म्हणतो, आणि दोघी वेगवेगळ्या हजर म्हणतात. एक बुटकी आणि बडबडी, दुसरी उंच आणि गणितात बरी. सात वर्षं मी त्यांना एकमेकींपासून वेगळं ओळखत होतो. फक्त टाइप करताना ओळखलं नाही.

मला वाटलं, कोणती वगळली ते आधी बघू. मग लक्षात आलं, की बघून कळणार नाही. उरलेल्या ओळीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, जन्मतारीख. ती ओळ दोघींची होती. एक जागा होती आणि ती कुणाची आहे हे जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी टेबलावरच्या शालीची घडी पुन्हा नीट घातली. त्यांनाही एक मिळाली होती.

"सर, पोरगी खरी आहे," मी म्हणालो.

"पोरगी खरी आहे हे मलाही ठाऊक आहे. पण ती दुबार आहे हे साहेबांना ठाऊक आहे."

"चूक माझी आहे. तसं लिहून देतो."

"तुमची कशी? बटण साहेबांनी दाबलंय."

मी म्हणालो, प्रोग्राम दुरुस्त करतो, आईचं नावही तपासायला लावतो. रजिस्टरमध्ये आईच्या नावाचा रकाना आहे, तो मी घेतलाच नव्हता, कारण पुस्तकातल्या यादीत नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, "लोकार्पण झालेल्या प्रोग्रामला हात लावायचा नाही."

त्याच दिवशी दुपारी वरल्या वस्तीची आई शाळेत आली. वर्गाच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, यादीत माझ्या पोरीचं नाव हाय का न्हाई? मुकादम परवा ट्रॅक्टर भरतो म्हनला. नाव असंल तर तिला ठिवते, न्हाईतर न्यावं लागंल."

"आहे," मी म्हणालो.

तासाभराने खालच्या वस्तीची आई आली. तिने तेच विचारलं. तिलाही मी आहे म्हणालो. दोन्ही वेळा मी खरं बोललो, आणि दोन्ही वेळा मला तोंड धुवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तालुक्याला गेलो. रजिस्टरच्या पानांच्या नकला नेल्या. त्यात दोघींचे क्रमांक वेगळे, आयांची नावं वेगळी. टेबलावरचा कारकून माझ्याच वयाचा होता. त्याने नकला वाचल्या. समोरच्या माणसाने कागद खरोखर वाचले की मी हळवा होतो.

"यादी वर गेली गुरुजी. आता एकेचाळीसची बेचाळीस करायची म्हणजे काढलेलं बोगस नाव परत घातल्यासारखं दिसंल."

"बोगस नाही."

"मला दिसतंय न्हाई ते. पण तुमच्याच प्रोग्रामनं काढलंय ना? मग त्यालाच विचारा." मग त्याने जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं. "दोघी एक जून?"

"हो."

"मी बी एक जूनचाच," तो म्हणाला. आम्ही दोघंही थोडं हसलो. त्याने माझा अर्ज घेतला, पोच दिली आणि तो इतर अर्जांवर ठेवला. त्याचं उत्तर मार्चमध्ये आलं: अंतिम यादीची तपासणी केली असता तीत कोणतीही दुबार नोंद आढळून येत नाही, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही. सगळं खरं होतं.

संध्याकाळी परतलो तेव्हा मावशी शाळेच्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं; का सांगितलं माहीत नाही, त्यांचा यात काही अधिकार नव्हता. त्या ऐकत ऐकत खडे बाजूला टाकत होत्या.

"म्हंजे नाव कागदावर हाय."

"आहे. पण एकच."

"पोरींचं नाव बी एकच हाय की." त्यांनी सुपाला एक टपली मारली. "मंग दोघी बी त्याच नावावर जेवतील. बेचाळीसाव्याचं पीठ मी बगते."

"तपासणीला कुणी आलं तर?"

"तवाचं तवा. तुमी शिकलेले हाव न्हवं? सांगा कायतरी."

ट्रॅक्टर निघाला त्या सकाळी मी वेशीवर गेलो होतो. एरवी जात नाही. तो देखावा बघून फायदा नसतो. ट्रॉलीत भांडी, सरपण, बांधलेल्या शेळ्या, वर गोधड्या. दोन्ही आया एकमेकींच्या चुलत जावा. शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि दोघींच्याही मागे एकेक पोरगी, काखेत कपड्यांचं बोचकं घेऊन. गावात आतापर्यंत गोष्ट पसरली होती.

वरल्या वस्तीची आई म्हणाली, "गुरुजी, लोकं म्हनत्यात जागा एकच हाय."

"नाव एकच आहे."

"कुनाच्या पोरीचं?"

"तुमच्या."

"आन माझ्या?" खालची म्हणाली.

"तुमच्याही."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मुकादमाने ट्रॅक्टर सुरू केला. वरलीने आवाज चढवून विचारलं, "एका नावात दोन पोरी बसत्यात व्हय?"

हा प्रश्न माझ्या तीनही पुस्तकांनी एकमताने सोडवलेला होता: बसत नाहीत. मी म्हणालो, "बसतात."

ती हलेना. शिकलेल्या माणसाच्या 'बसतात'वर पोर सोडून जायची तिची तयारी नव्हती, आणि त्यात तिची चूक नव्हती. मागून मावशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, जेवायला मी घालनार हाय. कागद न्हाई घालनार. चढ तू."

ती चढली. बुटकी पोरगी खाली राहिली. मग दुसरी आई चढली आणि उंच पोरगी खाली राहिली. ट्रॉली वळणाआड गेल्यावर दोघी बोचकी घेऊन शाळेकडे चालायला लागल्या, आणि त्यातली एक लगेच बोलायलाही लागली. मी मागे चालत होतो. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त तपासणी होती. ती झाली आणि जास्तीची पोरगी यादीत नाही म्हणून काढली, तर तिला पोचवायचं कुठे? आईबाप कुठल्या कारखान्यावर, कुठल्या फडात, हे मुकादमालाच नक्की ठाऊक नसतं.

तपासणी जानेवारीत झाली. अधिकारी दुपारी आले, थकलेले होते, त्या दिवशीची त्यांची तिसरी शाळा होती. लेकरं जेवायला बसली होती. त्यांनी यादी घेतली आणि एकेक नाव पुकारायला लागले. पोरं उठून हजर म्हणत होती. ते नाव आलं तेव्हा दोघी उठल्या.

"एकीनंच उठा," अधिकारी म्हणाले.

दोघी बसल्या. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. दोघी पुन्हा उठल्या.

"यातली खरी कोण?"

मुख्याध्यापक भिंतीवरच्या घोषवाक्याकडे बघायला लागले. मावशींनी पळी खाली ठेवली. मी म्हणालो, "दोघी, साहेब."

"म्हणजे?"

"नाव दोघींचं आहे. मुली दोन आहेत. चूक यादीची आहे, आणि यादी माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरींकडे. बुटकी चक्क भाकरी हातात धरून उभी होती. मी आयुष्यात बरेच अधिकारी पाहिलेत; त्या क्षणी बहुतेकांना एकतर संताप येतो किंवा संधी दिसते. या माणसाला दोन्ही आलं नाही. फार दमला होता. त्याने त्या नावापुढे एक खूण केली, आणि जरा विचार करून तिच्या शेजारी दुसरी. मग म्हणाला, "बसा, जेवा," आणि पुढचं नाव घेतलं.

वर्ष पार पडलं. दोघी सातवी पास झाल्या. उंच पहिली आली, बुटकी शेवटून चौथी. एप्रिलच्या शेवटी त्यांच्या आया परत आल्या. माझ्याकडे कुणी काही बोलायला आलं नाही आणि बोलण्यासारखं काही नव्हतंही.

वसतिगृहाचा वार्षिक अहवाल नियमाप्रमाणे प्रोग्राममधूनच काढायचा होता. हजर विद्यार्थ्यांना यादीतल्या संख्येने भागून टक्केवारी काढायचं बटण त्यात होतं. प्रोग्रामला हात लावायची मनाई असल्याने मी ते नुसतं दाबलं. वसतिगृहाची उपस्थिती एकशे दोन टक्के भरली. तालुक्यात आमच्या शाळेचा पहिला क्रमांक आला.